जादा वेळ

दरवर्षी खेळाच्या सामानाची खोली मिळते मला.
मॅटचा कुबट वास, कॅरमची पावडर,
पंखा तिसऱ्या फेरीला एकदा खटकतो.
एप्रिलचं सोलापूर वर पत्र्यावर बसलेलं.
"अंगठा," सर म्हणतात,
आणि न विचारता माझा हात उचलून
शाईत बुडवतात, टपालातल्या शिक्क्यासारखा.

कागद सगळे पुरे आहेत.
सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला : शंभर टक्के.
आयुष्यात शंभर टक्के मला तेवढ्यावरच मिळाले.
लेखनिकाचा अर्ज, तिच्या कॉलेजचं पत्र,
तीन खेपा, दोन सह्या, एक "साहेब जेवायला गेलेत".

ती सौंदर्या इप्पलपल्ली, अकरावी.
माझ्याहून कमी शिकलेलीच हवी, असा नियम आहे;
नाहीतर माझ्या जागी तीच पास व्हायची.
तिची आई आणि माझी आई एकाच कारखान्याच्या विड्या वळतात.
तिच्या बोटांना अजून तंबाखूचा वास आहे,
सकाळी पानं कातरूनच आलीय.

प्रश्न पहिला तिच्या डोळ्यांतून तिच्या जिभेवर,
तिथून माझ्या कानात. मग मी थांबतो.
मग माझी जीभ, तिचा कान, तिचा हात.
एवढा प्रवास करून उत्तर कागदावर उतरतं
आणि म्हणून तासाला वीस मिनिटं जास्त.
आईच्या हिशेबात चाळीसेक विड्या.
याला जादा म्हणतात.

"सार्वभौमत्व कसं लिहू, दादा?"
मी सांगतो : स ला काना, अर्धा र, मग व.
"म्हणजे व वर रफार?"
मला रफार माहीत नाही.
आमच्या ठिपक्यांत र कुणाच्या डोक्यावर चढत नाही,
आपल्या नंबरला ओळीत उभा राहतो.
"कसा असतो गं?"
पेन थांबलं. पंखा खटकला.
शाई लागलेला माझा हात तिनं उलटा केला
आणि तळव्यावर बोटानं काढला :
नखाच्या कडेएवढा बाक, वर उघडा,
उतारी एका बाजूला.
"माझ्या नावात हाय की, शेवटच्या या वर.
तुमच्या आडनावात पण."

गुर्रम.
तेलुगूत घोडा.
एकवीस वर्षं डोक्यावर घेऊन फिरतोय,
कुणी बोललं नाही.

"बोलायचं नाही," सर म्हणाले.
मग मला नाही, तिला विचारलं :
"किती लिहिलंय त्यानं? होईल का पास?"
"त्यांनाच विचारा की," ती म्हणाली
आणि पान उलटलं, जरा जोरात.

घंटा झाली. बाकीच्यांची.
जिन्यावरून चपला धावल्या, गाड्या सुरू झाल्या,
कुणीतरी ओरडलं, "दुसरा प्रश्न आउट ऑफ सिलॅबस, बे!"
मग शिपायाच्या किल्ल्या एकेक वर्ग बंद करत आल्या
आणि आमच्या दाराशी उभ्या राहिल्या.
"अजून किती ओ? माझं पोरगं क्लासवरनं आणायचंय."
त्यांचंही खरं होतं.
सरांनी खुर्ची ओढली, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
ते वाजायला लागलं
तसं मला सगळं भराभर आठवायचं बंद झालं.

पाच मार्कांचा प्रश्न, व्याख्या द्या :
सर्वोच्च, अविभाज्य, कुणाच्याही परवानगीवर न अवलंबून असलेली...
सांगताना शब्द अडकला.
ती वाट पाहत राहिली. पेन उचललंच नाही तिनं कागदावरून.
"हाय की वेळ," हळूच म्हणाली.
अठरा मिनिटं होती.
सत्ता, मी म्हणालो. सत्ता.

परत येताना बसमध्ये खिडकीकडची जागा मिळाली.
कंडक्टरला पास दाखवला, त्यानं दोनदा हात लावून बघितला.
अशोक चौकापर्यंत माग ऐकू येत होते, उघड्या दारांतून,
खटखट, खटखट, कुणासाठी न थांबता.
समोरचा दांडा ऊन लागून तापला होता.
त्यावर मी बोट टेकवून काढत राहिलो
वर उघडा एक बाक.
पहिल्यांदा उलटा पडला बहुतेक.
मग पुन्हा.